धरणीकंपाचीं पूर्वचिन्हें

दिव्याजवळून खाडीकडे जाणाऱ्या उल्हास नदींत भातसेचेंही पाणी असतें. ही भातसा शहापूर तालुक्यांत धरण बांधून अडविली गेली आणि १९८३ सालीं त्या जलाशयाच्या परिसरांत भूमीचे असंख्य लहान धक्के नोंदले गेले. ठाणें जिल्ह्याला धरणीकंप म्हणजे दूरची वार्ता, ही समजूत त्या वर्षीं उरली नाहीं. यामागून मोठा कंप येणार काय, आणि येणार असल्यास निसर्ग त्याची कांहीं सूचना देतो काय? प्रश्न फार जुना आहे.

सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूकंपलक्षणांना स्वतंत्र अध्याय दिला. वायु, अग्नि, इंद्र व वरुण असे कंपांचे चार वर्ग करून त्यानें प्रत्येकाचीं चिन्हें सांगितलीं. वायूच्या कंपापूर्वीं दिशा धुरानें कोंदतात आणि वारा धूळ उडवितो, असें तो म्हणतो. ग्रीसमधील हेलिके नगर इ. स. पूर्वीं ३७३ मध्यें भूकंपानें समुद्रांत बुडालें. त्याच्या पांच दिवस आधीं उंदीर व साप नगर सोडून गेले, असें इलियन या ग्रंथकारानें लिहिलें आहे. मात्र इलियन हें लिहीत होता तो पांचशेंहून अधिक वर्षांनंतर!

अशा कथांचा दोष तोच. कुत्रीं रात्रीं नेहमींच भुंकतात. अनर्थ ओढवला नाहीं तर तें भुंकणें कोण लक्षांत ठेवतो? कंपाची पहिली सौम्य लहर मुख्य लहरीच्या कांहीं क्षण आधीं पोंचते व ती जनावरांना कळत असावी, हें संभवतें. पांच दिवसांची गोष्ट वेगळी.

विहिरींच्या पाण्याचा विचार अधिक गंभीरपणें करावा लागतो. ताणाखालीं खडकांत सूक्ष्म भेगा पडल्या कीं भूजलाची पातळी बदलूं शकते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरही त्या भागांत धक्के थांबले नाहींत, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें तेथील विंधनविहिरींची पातळी मोजण्यास घेतली. कंपासरशी पाणी कांहीं सेंटिमीटर हललेलें आढळलें. पण पाणी पावसानेंही हलतें आणि उपशानेंही.

चीनमध्यें १९७४-७५ च्या हिंवाळ्यांत हायचेंग भागांत साप बिळांतून बाहेर येऊन गारठले, विहिरींचें पाणी बदललें. पुढें लहान धक्के वाढत गेले, तेव्हां लोकांना घराबाहेर काढण्यांत आलें. ४ फेब्रुवारी १९७५ रोजीं मोठा कंप झाला आणि हजारोंचे प्राण वाचले. पुढच्याच वर्षीं, २८ जुलै १९७६ ला, तांगशान शहर कोणत्याही इशाऱ्यावांचून कोसळलें. सरकारी गणनेप्रमाणें २,४२,००० माणसें दगावलीं.

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीस सूचना मिळाली होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळांत तेथील भूमि वारंवार हादरली. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांत मोठा. मग सुमारें अकरा महिने लोटले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन आटोपून गांव झोपीं गेलें असतां, दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें अंगावर आलीं. त्या परिसरांत सुमारें १०,००० माणसें मेलीं. १९९२ चे धक्के ही मोठ्या कंपाची नांदी आहे हें तेव्हां कोण छातीठोकपणें सांगणार होतें? भातसेचे धक्के तसेच होते, आणि ते विरून गेले. भिंती बळकट करण्यास मात्र तेवढी सूचना पुरेशी होती.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे, म्हणजे २०१४ पर्यंत ठाण्यांतच मोडणाऱ्या भागांत, गडगडाटासह असेच धक्के सुरूं झाले. धुंदलवाडीच्या आसपासच्या लोकांनीं थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. २०१८-१९ च्या त्या धक्क्यांमागून किल्लारीसारखा कंप आला नाहीं.