दुसरी केबल शाबूत, तरी कॅमेऱ्याचं चित्र का जातं?

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात कुंभस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला होता. आता गर्दीवर नजर ठेवण्याची मोठी भिस्त सीसीटीव्हीवर असते. त्यामुळे ऐन गर्दीत एखाद्या चौकाचं चित्र दोन-चार मिनिटं जरी गेलं, तरी ती गंभीर गोष्ट आहे.

‘पण बॅकअप लाइन असते ना?’ असते. तरीही असं होतं की बॅकअप लाइन चालू असते, पिंग सुरळीत जातो आणि पडदा मात्र काळाच राहतो. अशा वेळी पहिला संशय मल्टिकास्टवर घ्यावा.

मल्टिकास्ट म्हणजे काय?

एकाच कॅमेऱ्याचं चित्र पोलीस नियंत्रण कक्षात हवं असतं, महापालिकेत हवं असतं, रेकॉर्डिंग सर्व्हरलाही हवं असतं. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली तर ४ एमबीपीएसचं चित्र पाच ठिकाणी देताना २० एमबीपीएस लागतात. मल्टिकास्टमध्ये कॅमेरा एकच प्रत एका गटाच्या पत्त्यावर सोडतो. हे पत्ते २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होतात. ज्याला चित्र हवं तो आयजीएमपीने मागणी नोंदवतो आणि राउटर पीआयएम या प्रोटोकॉलने आपसांत वाट ठरवतात. जिथे फाटा फुटतो तिथेच दुसरी प्रत निघते.

घोळ इथेच आहे. साधा डेटा पुढे पाठवताना राउटर बघतो, ‘जायचंय कुठे?’ मल्टिकास्टमध्ये तो हेही तपासतो, ‘आलं कुठून?’ कॅमेऱ्याकडे जाणारी वाट त्याच्या नोंदीत ज्या पोर्टवर आहे, त्याच पोर्टमधून चित्र आलं तर ठीक, नाहीतर तो ते टाकून देतो. या तपासणीला आरपीएफ म्हणतात. पिंगला ही तपासणी लागू नाही, म्हणून निव्वळ पिंगवर विसंबून ‘नेटवर्क ओके’ म्हणणं चूक आहे.

चित्र कधी गेलं, ते आधी विचारा

लाइन तुटताच चित्र गेलं आणि परत आलंच नाही, तर बॅकअप लाइनवर पीआयएम चालू केलंय का ते पाहा. ती सेटिंग राहून जाणं अगदी नेहमीचं. सिस्कोच्या राउटरवर ‘शो आयपी पीआयएम नेबर’ने शेजारी दिसतो का आणि ‘शो आयपी आरपीएफ’ने कॅमेऱ्याची वाट कुठे दाखवली जाते, हे कळतं. तिथे हाताने टाकलेला जुना मार्ग अडकलेला असू शकतो.

पावणेदोन मिनिटांनी चित्र आपोआप आलं? मग नियंत्रण कक्षाच्या बाजूचा मुख्य राउटर गेला असावा. शेजारी गेला हे मान्य करायला पीआयएम साधारण १०५ सेकंद थांबतं. बीएफडी लावलं तर हे सेकंदाच्या आत कळू शकतं.

उलट, चित्र नीट चालू राहिलं आणि चार-सव्वाचार मिनिटांनी गेलं, तर स्विचकडे वळा. ‘अजून कोणाला चित्र हवंय का?’ हे ठरावीक वेळाने विचारणारं उपकरण, म्हणजे आयजीएमपी क्वेरिअर, एकच असेल आणि तेच बंद पडलं असेल, तर साधारण २६० सेकंदांनी स्विच जुन्या मागण्या पुसून टाकतो.

जे आधीपासून बघत होते त्यांना दिसतंय, नव्याने उघडणाऱ्याला दिसत नाही, असंही होतं. तेव्हा रांदेव्हू पॉइंट, म्हणजे मागणी आणि कॅमेरा यांची गाठ घालून देणारा राउटर, गेलेला असू शकतो. त्यालाही जोडीदार लागतो.

आणि एक बारीक गोष्ट. चित्राच्या पॅकेटला किती राउटर ओलांडता येतील याची मर्यादा असते, तिला टीटीएल म्हणतात. काही कॅमेऱ्यांत ती फार कमी ठेवलेली असते. बॅकअपची वाट लांबची निघाली की पॅकेट मधेच संपतं.

दोन कंपन्या, पण खोदकाम?

२४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. तो बिघाड मल्टिकास्टचा नव्हता. पण दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक असूनही दोन्हींत अडचण आली आणि शेअर बाजाराने नंतर दिलेल्या कारणांत रस्त्यावरचं खोदकाम होतं. स्टोरेज यंत्रणाही अपेक्षेप्रमाणे वागली नाही. कुंभाआधीच्या रस्तेकामांत केबल कुठून कुठून गेल्यात हे नकाशावर पाहायला हवं, ते यासाठी.

सराव करायचा तर मुख्य लाइन खरोखर काढून करावा, पिंगऐवजी पडद्यावरचं चित्र बघावं आणि निदान पाच मिनिटं थांबावं. मग लाइन परत जोडून पुन्हा बघावं. कारण मुख्य लाइन परत आली की साधी वाट तिच्यावर लगेच सरकते, पण पीआयएमची ओळख व्हायला थोडा वेळ लागू शकतो. त्या फटीत चित्र पुन्हा जातं.