कोड तुमचा, नाव आमचं: फायरफॉक्सची दहा वर्षं

‘ओपन सोर्स म्हणजे काय, फुकट घ्या आणि काहीही करा’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्यातलं ‘काहीही’ कुठपर्यंत चालतं, हे बघायचं तर २००६ सालचं मोझिला आणि डेबियन यांचं भांडण माहीत हवं.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. (पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली हिच्यावरच उभी आहे.) डेबियनचा नियम कडक: मुक्त परवाना नसेल, तर ती वस्तू मुख्य संग्रहात घ्यायची नाही. फायरफॉक्सचा कोड मुक्त होता, पण लोगोचं चित्र मुक्त नव्हतं. म्हणून डेबियनने लोगो काढला आणि ब्राउझर ‘फायरफॉक्स’ याच नावाने देत राहिली.

मोझिलाने हरकत घेतली. नाव वापरायचं तर लोगोही वापरा, आणि कोडमध्ये कराल तो प्रत्येक बदल आधी आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या. आता अडचण बघा. डेबियनची स्थिर आवृत्ती वर्षानुवर्षं चालते. मोझिलाने जुन्या आवृत्तीचा नाद सोडला, तरी तिच्यातली सुरक्षेची भोकं डेबियनचे लोक स्वतः बुजवत. त्या प्रत्येक ठिगळासाठी परवानगी मागायची? म्हणजे परवान्याने दिलेलं स्वातंत्र्य ट्रेडमार्कने परत काढून घेतल्यासारखंच झालं.

तरी मोझिलाचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. उद्या कुणी त्यात हेरगिरीचा कोड घुसवून ‘फायरफॉक्स’ म्हणूनच वाटला, तर शिव्या मोझिलाच खाणार. कॉपीराइटचा परवाना कोडची नक्कल करू देतो. ट्रेडमार्क हा माल कुणाचा, ते सांगतो. दोन कायदे, दोन कामं. आणि नावाची किंमत मोझिलाला चांगलीच ठाऊक होती. हाच ब्राउझर आधी ‘फिनिक्स’ होता, ट्रेडमार्कमुळे ‘फायरबर्ड’ झाला, त्या नावाच्या डेटाबेस प्रकल्पाने ओरड केल्यावर २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’!

डेबियन कोर्टात वगैरे गेली नाही. तिने नावच बदललं: ‘आइसवीझल’. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी वीझल नावाचा चिमुकला शिकारी प्राणी. थंडरबर्डचंही ‘आइसडव्ह’ झालं. कोड जवळपास तोच, पाटी वेगळी. मला यात डेबियनचा खट्याळपणा आवडतो, पण ती अगदी साळसूद नव्हती हेही सांगायला हवं. तिचं स्वतःचं नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, आणि तेव्हा तिचाही एक ‘अधिकृत’ लोगो राखीव होता. सर्वांसाठी वेगळा, साधा लोगो ठेवला होता, एवढाच फरक.

भुर्दंड पडला तो वापरणाऱ्यांना. काही वेबसाइट ब्राउझरचं नाव तपासायच्या. त्यांना ‘आइसवीझल’ ओळखूच यायचा नाही. हे सगळं दहा वर्षं चाललं. दरम्यान लोगोच्या चित्राचा परवाना मुक्त झाला, मोझिलाने दीर्घकाळ सांभाळायच्या आवृत्त्या काढल्या आणि डेबियन त्याच देऊ लागली. शेवटी डेबियनच्या बदलांनी दर्जा बिघडत नाही हे मोझिलाने मान्य केलं, आणि २०१६ मध्ये ‘फायरफॉक्स’ हे नाव डेबियनमध्ये परत आलं.