तळटीप : रिआल्तोचा पूल

* ग्रंथकर्त्यांनी येथे एका वाक्यात मागे टाकलेला व्हेनिसचा हा पाषाणसेतू, ज्या स्थळी पूर्वीचा लाकडी पूल १४४४ मध्ये नौकांची मिरवणूक पाहणाऱ्या जनसमुदायाच्या भाराने कोसळला होता त्याच स्थळी, आंतोनिओ दा पोंते या स्थपतीने १५८८ ते १५९१ या काळात उभारला. पात्रात एकही खांब न घेता सुमारे २९ मीटरांची एकच कमान पेलण्यासाठी दोन्ही तीरांच्या चिखलात हजारो लाकडी मेखा ठोकाव्या लागल्या. पाण्याखाली हवेचा स्पर्श नसल्यामुळे त्या टिकून आहेत, आणि पूल अद्याप त्यांच्याच आधारावर उभा आहे. सराफांच्या पेढ्या, घाऊक बाजार आणि जर्मन व्यापाऱ्यांची वखार लगतच असल्याने पुलावर दुकानांच्या रांगा असणे स्वाभाविकच होते. लाकडी पुलावरील दुकानांचे भाडे तर सरकारी खजिन्यात जमा होई. १८५४ पर्यंत महाकालव्यावर हा एकमेव पूल होता. कमानीच्या एका दर्शनी अंगावर देवदूत गॅब्रिएल, कुमारी मेरी आणि त्यांच्या मधोमध शिरोशिलेवर पारवा कोरलेला आहे. पुलावरून जाणाऱ्यास तो दिसत नाही, यास्तव वाचकांनी काठावर उतरून तो अवश्य पाहावा. — संपादक