गोठ्यातले कलांगण

वेंगुर्ले बंदरापासून आत, कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो. रामायण-महाभारतातले एकेक चित्र पुढे धरायचे आणि गाऊन कथा सांगायची. कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्याही त्यांच्याच. पूर्वी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. संस्थाने गेली, घरोघर टीव्ही आला, श्रोते आटले. परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभे केले, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राजाने सोडलेली कला घरच्यांनी सांभाळली! पण चित्र भिंतीवर राहिले आणि गाणारा उरला नाही, तर कथा मुकी होईल. तेव्हा तिकडे गेलात तर नुसते पाहून परतू नका. बसून एक कथा ऐका.