यंत्रारंभपूर्व तपासणी

उत्खनक, डंपर, डोझर आदी अवजड यंत्र पाळीच्या आरंभी चालू करण्यापूर्वी, ज्याच्या हाती ते सोपवावयाचे त्या ऑपरेटरने स्वतः करावयाची पाहणी. मेकॅनिकने ठराविक तासांनी करावयाच्या देखभालीहून ती भिन्न होय. चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांतील उघड्या कोळसा खाणींत एकच यंत्र पाळीपाळीने अनेकांच्या हाती जात असल्यामुळे, आधीच्या ऑपरेटरची तक्रार नंतरच्याच्या कानी घालणे हाही तिचाच भाग मानावा लागतो.

सपाट जागी उभ्या केलेल्या यंत्राभोवती एक पूर्ण फेरी मारणे, हे तिचे सर्वांत साधे आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत मोलाचे अंग. शंभर टन माल वाहणाऱ्या डंपरचे चाक माणसाहून उंच असते. त्याच्या केबिनमधून चाकालगतची बरीच जमीन दिसतच नाही, आणि उन्हाच्या वेळी यंत्राच्या सावलीत कोणी पहुडलेले असणे ही खाणीत कल्पनेपलीकडची गोष्ट नव्हे. त्याच फेरीत टायरांवरील चिरा, चाकांचे सैल नट, बकेटचे झिजलेले दात आणि जमिनीवरील तेलाचे ताजे डाग नजरेस येतात.

इंजिनातील तेल खाली उतरून स्थिर झाल्यावरच गजाने मोजावे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असता उघडू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते व झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. हायड्रॉलिक नळीची गळती बोटाने चाचपणे त्याहून घातक. मोठ्या उत्खनकांत हा दाब चौरस सेंटिमीटरला ३०० किलोग्रॅमच्याही वर जातो, आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम क्षुल्लक भासली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून अशी गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने शोधतात.

ब्रेक, स्टिअरिंग, भोंगा, दिवे व मागे जातानाचा इशारा यांची परीक्षा इंजिन चालू झाल्यावर होते. हवेच्या ब्रेकांत टाकीतील दाब पुरेसा भरेपर्यंत यंत्र हलवीत नाहीत.

खाण अधिनियम, १९५२ अन्वये झालेल्या १९५७ च्या कोळसा खाणी विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. परंतु कायदा कोणताही असो, आठवड्याचे सारे रकाने एका बैठकीत भरलेली नोंदवही दप्तरी शोभते, तपासणीचा पुरावा ठरत नाही. ब्रेक वा स्टिअरिंग सदोष आढळल्यास ऑपरेटरने यंत्र चालविण्यास नकार द्यावा, फोरमनला कळवावे व दुरुस्तीचा शेरा पडेपर्यंत किल्ली काढून ‘चालवू नये’ अशी पाटी लावावी.