उतरवलेल्या तारांचा इतिहास: हवाई बेटांवरील की होआलू गिटार

गिटारच्या सहा तारांची आज जगभर रूढ असलेली जुळवणी जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी आहे. परंतु तारा याच सुरांत लावल्या पाहिजेत असे बंधन या वाद्याच्या बांधणीत कोठेही नाही. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकात काही तारांच्या खुंट्या सैल करून त्या मुद्दाम खालच्या सुरात उतरवण्याची जी पद्धत रुजली, तिला हवाईयन भाषेत ‘की होआलू’ म्हणतात आणि बाहेरच्या जगात ती ‘स्लॅक-की’ या नावाने ओळखली जाते. ज्यांना गिटार नीट शिकायला मिळाली नाही अशा लोकांनी काढलेली ही एक पळवाट होती, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. या जुळवण्यांची घडण बारकाईने पाहिली तर तो समज टिकत नाही.

या इतिहासाचा आरंभ संगीतात नसून गुरांत आहे. 1793 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर याने कॅलिफोर्नियातून आणलेली गुरे राजा कामेहामेहा पहिला याला भेट दिली, राजाने ती मारण्यास बंदी घातली, आणि काही दशकांतच रानोमाळ वाढलेले कळप शेतीची नासधूस करू लागले. तेव्हा 1830 च्या दशकात कामेहामेहा तिसरा याच्या कारकिर्दीत, त्या काळी मेक्सिकोच्या ताब्यात असलेल्या कॅलिफोर्नियातून घोड्यावर बसून गुरे वळवणारे कुशल गुराखी बोलावण्यात आले. हवाई बेटावरील वाइमेआच्या परिसरात त्यांनी स्थानिकांना दोरफास टाकण्याची विद्या शिकवली आणि सोबत आणलेली गिटारही तेथे रुजवली. परंपरागत कथन असे की हे गुराखी परतले, वाद्ये मागे राहिली, आणि लावण्याची रीत ठाऊक नसल्याने हवाईयन लोकांनी ती आपल्या कानाला रुचेल तशी लावली.

या कथनात तथ्य असले तरी ते अपुरे आहे. की होआलूची सर्वांत प्रचलित जुळवणी ‘टारो पॅच’, म्हणजे अळूचे खाचर, या नावाने ओळखली जाते, आणि अळूचा कंद हे तेथील पारंपरिक मुख्य अन्न असल्याने हे नाव स्वाभाविक म्हणावे लागेल. तिच्यात पहिली, पाचवी आणि सहावी तार प्रत्येकी एक पूर्ण स्वर उतरवतात, त्यामुळे डी, जी, डी, जी, बी, डी असे सूर मिळतात. जी हा षड्ज धरला तर जाड तारेपासून हा क्रम पंचम, षड्ज, पंचम, षड्ज, गंधार, पंचम असा होतो, म्हणजे डाव्या हाताचे एकही बोट न टेकवता सर्व तारा छेडल्या तरी एक सुसंवादी स्वरसमूह ऐकू येतो. अशा जुळवणीस खुली जुळवणी म्हणतात. नेमकी हीच जुळवणी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील घरगुती गिटारवादनातही प्रचलित होती, आणि हेन्री वॉरल याची ‘स्पॅनिश फँडँगो’ ही लोकप्रिय रचना तिच्यातच बांधलेली आहे. त्यामुळे खुली जुळवणी हा केवळ हवाईचा शोध मानता येत नाही. हवाईयन वादकांची खरी कामगिरी याच्या पुढे, तारा आणखी खाली नेऊन त्यांनी जे साधले त्यात आहे.

ते समजण्यासाठी सी या सुरावर आधारलेल्या जुळवण्या पाहणे आवश्यक आहे. त्यांपैकी एकीत केवळ दोन तारा बदलतात: पाचवी एक स्वर उतरून जी होते आणि सहावी चार अर्धस्वर उतरून सी होते. सी हा षड्ज मानला की क्रम लागतो तो सा, प, रे, प, नी, ग असा. रूढ जुळवणीत सहावी तार सेकंदाला सुमारे 82 आंदोलने करते, तर सी पर्यंत उतरल्यावर ती सुमारे 65 करते. तारेची लांबी आणि जाडी तीच असेल तर ताण आंदोलनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून या तारेवरचा ताण सुमारे 37 टक्क्यांनी घटतो. इतकी सैल तार जोरात छेडली तर ती पडद्यांवर आपटून खरखरते आणि क्षणभर तिचा सूरही हलतो, त्यामुळे वादकाला अंगठ्याचा आघात हलका आणि एकसारखा ठेवावा लागतो. की होआलूचा जो संथ, झुलता डौल ऐकणाऱ्याला प्रथम जाणवतो, त्याचे एक कारण या शारीरिक शिस्तीत आहे. अंगठा खालच्या तारांवर षड्ज आणि पंचम आलटून पालटून धरून खर्ज आणि लय दोन्ही सांभाळतो, उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात, आणि एकट्या वादकाच्या हातून छोट्या वाद्यवृंदाचे काम होते. ज्या ‘वाहीने’ नावाच्या जुळवण्यांत एक तार शुद्ध निषादावर लावलेली असते, त्यांत ती तार छेडून लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटले की निषाद षड्जात मिळून जातो. ही हरकत या शैलीची ओळखखूण ठरली आहे. हे सर्व अजाणतेपणी जुळून आले असे म्हणणे त्या वादकांच्या कानावर अन्याय करणारे आहे.

या जुळवण्या घराण्यांच्या मालकीच्या मानल्या जात. त्या घरातील ठरावीक व्यक्तींनाच शिकवल्या जात, आणि वादन संपल्यावर कोणी पाहून उचलू नये म्हणून तारा विस्कटून ठेवण्याची रीतही होती. भारतीय संगीतातील घराण्यांनी चिजा राखल्या त्याच वृत्तीचे हे रूप होय, मात्र हवाईत त्याची किंमत अधिक जबर ठरली. राजा कालाकाउआ याने 1874 ते 1891 या आपल्या कारकिर्दीत हुला नृत्याला आणि गायनवादनाला उघड आश्रय दिला होता. परंतु 1893 मध्ये राजसत्ता उलथवण्यात आली, 1896 मध्ये शाळांचे माध्यम कायद्याने इंग्रजी झाले आणि 1898 मध्ये बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली. ज्या भाषेतील गाण्यांना ही गिटार साथ करीत होती ती भाषाच घराबाहेर मुकी झाल्यावर, गुप्त राखलेली विद्या अनेक घरांत वारसाविना संपली.

खुल्या जुळवणीची एक शाखा मात्र जगभर पसरली. 1889 च्या सुमारास जोसेफ केकुकू या तरुणाने गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांब सरकवण्याची पद्धत विकसित केली, आणि कांब सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करीत असल्याने तिला खुली जुळवणी अनिवार्यच होती. हीच ‘हवाईयन गिटार’ टाऊ मो याच्या कुटुंबासारख्या फिरत्या कलावंतांमार्फत भारतात आली. कोलकात्यात आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात ती रुळली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत उभे केले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका 1960 च्या दशकात निघाली आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत ऐकली गेली.

मूळ की होआलूला नवे आयुष्य दिले ते गॅबी पाहिनुई (1921–1980) यांनी. होनोलुलूच्या रस्तेदुरुस्ती खात्यात मजुरी करणाऱ्या या गायक-वादकाने 1940 च्या दशकात ‘हिइलावे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले, आणि आधुनिक की होआलूचा आरंभ तेथून मानतात. वाइमानालो येथील त्यांच्या घरी जमणाऱ्या बैठकींत तरुण वादकांना दार मोकळे असे. 1970 च्या दशकात हवाईयन भाषा आणि संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली, तेव्हा कीओला बीमर यांनी 1973 मध्ये या वादनाचे शिक्षणपुस्तक प्रसिद्ध केले. घराण्यांनी राखलेले गुपित छापील पानावर आले आणि विद्या वाचली. राखून ठेवण्यापेक्षा वाटून टाकण्याने परंपरा टिकते याचे इतके स्पष्ट उदाहरण संगीताच्या इतिहासात क्वचितच आढळते. पाहिनुई यांच्यासह याच दशकात वाजवणारे अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी पुढे हवाईयन गिटारच्या भारतीय शाखेतील वादक विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबर ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका केली, तिला 1994 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि हवाईत फुटलेल्या दोन वाटांचा संबंध असा एका वादकाच्या हातून पुन्हा जुळला.

2005 मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत हवाईयन संगीताचा स्वतंत्र विभाग प्रथमच सुरू झाला आणि पहिला मान की होआलू गिटारवादनाच्या संकलनाला मिळाला. त्यावर हवाईतच टीका झाली, कारण विजेत्या ध्वनिमुद्रिकेत गायन नव्हते. ही टीका योग्यच होती. तारा उतरवल्या गेल्या त्या हवाईयन भाषेत गाणाऱ्या गळ्याला साथ देण्यासाठी, आणि गाण्यापासून तोडलेली की होआलू कितीही मधुर असली तरी ती त्या परंपरेचा अर्धा भाग आहे. हा विभाग 2011 च्या पुरस्कारांनंतर बंद करण्यात आला.