लिहिणे, लिहावयास आणि ‘टू राइट’

बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला एक अडचण पिढ्यान्‌पिढ्या भेटत आली आहे. ‘मला वाचणे, लिहिणे आणि पोहणे आवडते’ हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘टू रीड, टू राइट’ म्हणावे की ‘रीडिंग, रायटिंग’? ‘लाइक’नंतर दोन्ही चालतात; ‘एन्जॉय’ला ‘इंग’च लागते, ‘वॉण्ट’ला ‘टू’च. मात्र एका रांगेत बसवलेल्या क्रियांचा पोशाख एकच हवा. ‘टू’ची वाट धरल्यावर शेवटी ‘स्विमिंग’ आणलेले खपत नाही. मुलाला हा दंडक जाचतो, कारण वरच्या वाक्यात त्याच्या ‘णे’ने सारे काम एकट्याने केलेले असते.

हा ‘टू’ तरी मुळात कोण? ते एक शब्दयोगी अव्यय. जुन्या इंग्रजीत ते क्रियानामाच्या चतुर्थीच्या रूपाआधी येई. ‘लिहिण्यासाठी’ असा त्याचा भाव. ‘इंग’ हा त्या काळी केवळ नाम घडवणारा प्रत्यय होता, कर्म घेण्याची शक्ती त्याला पुढे आली. आता आपले ‘लिहावयास’ पाहा: ‘लिहावे’चे सामान्यरूप आणि त्याला चतुर्थीचा ‘स’. त्याचेच बोलीतले रूप ‘लिहायला’. शेजारच्या कानडीत ‘माडुवुदु’ हे क्रियेचे नाम, तर ‘माडलिक्के’मध्ये पुन्हा चतुर्थीचा ‘क्के’. तिन्ही भाषांनी हेतू सांगण्यासाठी चतुर्थीचाच आधार घेतला, ही गंमत आपल्या भागातील विद्यार्थ्याला इतरांहून लवकर उमगावी. तीनही भाषा त्याच्या कानावर असतात!

‘णे’चा इतिहास मात्र याहून नाट्यमय आहे. जुन्या घराण्यांच्या मोडी दप्तरांतील ‘बहुत काय लिहिणे’ सर्वांना परिचित आहे. तिथे ‘णे’ क्रियेचे नाव सांगतो. पण त्याच शिवकालीन व पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘हुजूर पाठविणे’ म्हटले की ती आज्ञा असे. पुढे हा हुकमाचा अधिकार ओसरला. व्यापाऱ्यांच्या वह्यांत ‘येणे’ आणि ‘देणे’ निव्वळ नामे होऊन समोरासमोर बसली. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत वैयाकरणांनी अशा रूपांची वर्गवारी केली, संस्कृतची परिभाषा आणि इंग्रजीची चौकट यांची ओढाताण तिला चुकली नाही.

हे सारे पुस्तकी वाटेल, पण आपल्यापुरते तसे नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि मराठीतील अर्ज-निवेदने हे येथील अनेक घरांचे नित्याचे लेखन झाले. त्यांत आजही असे वाक्य आढळते: ‘मराठी शिक्षक नेमणे, पाठ्यपुस्तके वेळेवर पुरवावीत व वर्गखोल्यांच्या दुरुस्तीबाबत.’ तीन मागण्या, तीन पोशाख. पहिलीत काम केवळ नावाने सांगितले आहे, तिसरीत नुसता विषय आहे. खरी मागणी एकट्या दुसरीत. मोडीतला कारकून ‘नेमणे’ म्हणजे हुकूम समजला असता. आजचा अधिकारी तसे समजेलच असे नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. लिहिणाऱ्याचा आग्रह मनात राहतो, कागदावर उतरत नाही.

आमच्या मते अशा ठिकाणी ‘णे’ शीर्षकापुरता ठेवावा आणि मागण्या सरळ लिहाव्यात: शिक्षक नेमावेत, पुस्तके वेळेवर पुरवावीत, वर्गखोल्या दुरुस्त कराव्यात.